खिळ्यांची बशी

या, जवळ सरका. त्या कोपऱ्यातल्या मावशींनाही पुढे घ्या, त्यांना मागून नीट ऐकू येत नाही आणि पुन्हा सांगा म्हणायला त्या लाजतात. आज तुम्हाला अशा घरातली एक संध्याकाळ सांगायची आहे, जिथे एक प्रश्न कधी म्हणून विचारला जात नसे. तो त्या दिवशी कोणी विचारला आणि विचारल्यावर काय झालं, एवढीच गोष्ट. सूर्य मावळायच्या आत सुरू होते आणि मावळला की जवळजवळ संपते. पण मधल्या वेळात त्या घरच्या थोरल्या सुनेचा जीव किती वेळा टांगणीला लागला, ते तिलाच ठाऊक.

घर सोफे-खुर्च्या मढवणाऱ्या कारागिराचं. खाली वर्कशॉप, वर बिऱ्हाड. रमजान निम्मा सरला होता. स्वयंपाकघरात सुपाचं पातेलं रटरटत होतं. थोरली फळं चिरत होती, नणंद खजुरांतल्या बिया काढत होती आणि आत्या, म्हणजे अब्बांची बहीण, स्टुलावर बसून दोघींवर देखरेख करत होत्या.

"सुपात मीठ कमी आहे," आत्या म्हणाल्या.

"न चाखता कसं कळलं?"

"वासावरून कळतं मला."

"कळणारच," नणंद मान वर न करता म्हणाली. "तुमचं नाक काचेच्या कारखान्यापर्यंत जाऊन वास घेऊन येतं. मिठाचं काय मोठंसं."

थोरलीच्या हातातली सुरी थांबली. हा टोमणा कुठे जाऊन लागणार, ते तिला माहीत होतं. आत्यांचा चेहरा आक्रसला.

"मी जे ऐकलं ते भावाला सांगितलं. पदरचं काही घातलं नव्हतं."

"पदर आवरून घेतला असतात तर बरं झालं असतं."

"पुरे हं आता," थोरली म्हणाली. "रोजा आहे. जिभेलाही असतो तो."

असतो कुठला! तेवढ्यात थोरला दारात येऊन उभा राहिला. तिचा नवरा. घामेजलेला, केसांत लाकडाचा भुसा. सोफ्यांच्या लाकडी चौकटी तोच करायचा.

"पडदेसुद्धा धुतलेत? त्याच्यासाठी? मी रोज या घरात येतो, माझा टॉवेल कोणी धुतला नाही कधी."

"दादा, तो किती वर्षांनी येतोय," नणंद म्हणाली.

"गेला कोणाच्या सांगण्यावरून? स्वतःच उठून गेला ना?"

तो कसा उठला, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

धाकटा, म्हणजे थोरल्याचा भाऊ, तेव्हा काचेच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता. त्या वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. एके दिवशी भट्टीपाशी त्याने दिवसाढवळ्या पाणी प्यायल्याचं आत्यांच्या कानावर आलं, आणि आत्यांच्या कानावरून अब्बांच्या. अब्बांनी त्याला काही विचारलं नाही. संध्याकाळी सगळे इफ्तारला टेबलाभोवती बसले, तेव्हा भिंतीकडे बघत एवढंच म्हणाले, "जो पाणी प्यायलाय त्याने या टेबलाशी बसू नये." धाकट्याने खुर्ची मागे सारली, वहिनीकडे एकदा बघितलं आणि जिना उतरून गेला. दुसऱ्या शहरात काम धरलं. अम्मींच्या मातीला तेवढा आला, आणि उभ्या उभ्याच परत गेला.

अब्बांनी विचारलं का नाही, असं तुम्ही म्हणाल. तर तो प्रश्न त्या घरात विचारायचाच नसे. तुझा रोजा आहे का? हा तो प्रश्न. अम्मींनी लग्न होऊन आल्या आल्या घालून दिलेली शिस्त होती ती. घरात कोणी आजारी असतं, कोणी प्रवासातून आलेलं असतं, बायकांचे आपले दिवस असतात. ज्याला खायचंय त्याच्यासाठी ओट्याच्या कोपऱ्यात झाकलेली थाळी असे. कोणी उघडली, कोणी नाही, हे बघायचं नाही, विचारायचं तर नाहीच. "रोजा त्याचा आणि अल्लाहचा," अम्मी म्हणायच्या. "आपण मधले कोण?" अम्मी गेल्या, पण झाकलेली थाळी आणि न विचारलेला प्रश्न दोन्ही तसेच राहिले.

"अब्बा अजून वर आले नाहीत," थोरली म्हणाली.

"खुर्ची संपवतायत," थोरला म्हणाला. "आज तिला हात लावू देत नाहीत कोणाला. मी म्हटलं पट्टे तरी ओढतो, तर म्हणे तू जा, मला बोलायचंय तिच्याशी."

"खुर्चीशी?" नणंद हसली. "बघा, तो येणार म्हटल्यावर अब्बा कसे खुललेत. तीन-चार दिवस झाले, खालून सारखं गुणगुणणं ऐकू येतंय. गेल्या रमजानात तोंडातून शब्द निघत नव्हता."

गेल्या रमजानात डॉक्टरांनी अब्बांचे रोजे बंद केले होते. साखरेचा आजार, त्यात दोनदा चक्कर येऊन पडले. "उपाशी राहिलात तर मी जबाबदार नाही," असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून थोरली रोज त्यांचा डबा भरून खाली पाठवायची.

उशीचा शिवलेला अभ्रा घेऊन ती जिना उतरली. अभ्रा हे निमित्त. सकाळपासून काहीतरी खुपत होतं आणि काय ते सापडत नव्हतं.

वर्कशॉपात फोमचा आणि सरसाचा वास होता. पंखा पूर्ण वेगात होता. अब्बांसमोर टेबलावर खुर्ची आडवी पडली होती. तीच खुर्ची, जिच्यावरून धाकटा उठला होता. जुनं कापड फाडून टाकलं होतं, स्प्रिंगा नव्या दोरीने बांधल्या होत्या आणि वर गडद निळं कापड ताणणं चाललं होतं. अब्बा गुणगुणत होते. त्यांच्या तरुणपणी मशिदीत एक मौलवी यायचे, प्रवचन सांगायचे म्हणण्यापेक्षा गायचेच. ऐकताना पाठीमागे उभी असलेली माणसंही डोलू लागायची. त्यांचंच ते धृपद.

"तुझी तहान तू सोस रे जीवा, दुज्याची तहान मोजू नको..."

"अब्बा, अभ्रा बघता?"

"ये ये. बघ, हे कोपरे कसे बसलेत. तुझ्या सासूला निळा आवडायचा. ती म्हणायची, माणूस दमून बसतो तेव्हा त्याला रंग दिसत नाही, पण रंगाला माणूस दिसतो. कळलं तुला? मला अजून नाही कळलं."

ते हसले. थोरलीही हसली, आणि हसता हसता तिची नजर बशीवर गेली.

हातोडीशेजारी चिनीमातीची एक छोटी बशी, तिच्यात बारीक खिळे.

ही गोष्ट तुम्हाला समजावून सांगायला हवी. खुर्ची मढवणारा कारागीर मूठभर बारीक खिळे तोंडात धरतो. एका हाताने कापड ताणून ठेवायचं असतं, दुसऱ्यात हातोडी. खिळा घ्यायला तिसरा हात आणायचा कुठून? मग जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, लोहचुंबकाची हातोडी ओठांना टेकवून तो उचलायचा आणि ठोकायचा. अब्बा उभा जन्म तसंच काम करत आले. म्हणून कामावर ते मुके. बोलणार कसे, तोंड खिळ्यांनी भरलेलं. फक्त रोजे असले की लोखंडाची चव घशाखाली उतरू नये म्हणून खिळे बशीत यायचे, तोंड मोकळं व्हायचं आणि अकरा महिन्यांचं साठलेलं बोलणं, गाणं सगळं बाहेर पडायचं.

गेल्या वर्षी बशी निघाली नव्हती. म्हणून अब्बा मुके होते. ते रुसले नव्हते, दुःखी असतील नसतील, पण तोंडात खिळे होते.

आणि यंदा तीन-चार दिवस सगळं घर खूश होतं, अब्बा गातायत म्हणून.

थोरलीने अब्बांकडे नीट बघितलं. एवढ्या पंख्याखाली सदरा पाठीला चिकटला होता. हातोडी खिळ्यावर न पडता शेजारी पडली. त्यांनी पुन्हा मारली, पुन्हा शेजारी.

"अब्बा, जेवण... डबा संपवलात ना?"

"डबा रिकामा आहे. तो बघ."

डबा खरंच रिकामा होता. कालही हेच उत्तर होतं, परवाही. "गोळी घेतलीत?" तर "घेतली." केव्हा घेतली ते तिने विचारलं नव्हतं. पहाटे उजाडण्याआधी घेतली असणार. एक शब्द खोटा नाही. रोजेदार माणूस खोटं बोलत नाही, नुसता कडेकडेने चालतो.

प्रश्न तिच्या ओठांवर आला. तसाच परत गेला. अम्मी जणू दारात उभ्या होत्या.

ती धावत वर आली.

"अब्बांचा रोजा आहे."

"तुला कोणी सांगितलं?" थोरला म्हणाला.

"खिळे बशीत आहेत."

त्याला पुढे काही सांगावं लागलं नाही. त्या घरातलं माणूस होतं ते. नणंद औषधांच्या दुकानात कामाला होती, तिचा चेहरा पांढरा पडला.

"पहाटेची गोळी आणि दिवसभर पोटात काही नाही? अगं, साखर खाली जाईल. बोलता बोलता माणूस जातो. माझ्या पर्समध्ये साखर मोजायचं यंत्र आहे, बोट टोचून बघू..."

"बोट मागायचं म्हणजे विचारल्यासारखंच," आत्या म्हणाल्या. "अम्मीची शिस्त मोडणार आहेस?"

"आत्या, तुम्हीच सांगताय हे?"

"मीच सांगते. एकदा मी बोलले, घर फुटलं. आता नाही बोलणार. त्याचा रोजा, त्याचा अल्लाह."

थोरला घड्याळाकडे बघत होता. "थोडाच वेळ राहिलाय. आत्ता गेलो, तोडा म्हटलं, तर ते तोडणार नाहीत. वर धाकट्याच्या डोळ्यांदेखत लाज जाईल त्यांची. कळत नाही का, कशासाठी धरलाय तो? ज्याला पाण्यावरून उठवलं, त्याच्यासमोर बिनरोज्याचं बसायचं नाही म्हणून. अजान होऊ दे. पहिला घोट पोटात गेला की सगळं ठीक होईल."

"आणि त्याआधी काही झालं तर?" थोरलीने विचारलं.

"अशुभ बोलू नको."

ती एकटी पडली. नणंदेने यंत्र काढलं, हातात घेतलं, पुन्हा पर्समध्ये ठेवलं. आत्या तसबीह ओढत होत्या, मणी पुढे सरकत होते आणि ओठ थांबलेले होते. थांबायचं ठरलं. ठरवलं असं कोणी म्हटलं नाही, पण कोणी जागचं हललं नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. धाकटा पुढून खुर्ची धरून वर येत होता, मागून अब्बा. खाली दारातच गाठ पडली असावी. दोघांच्या मध्ये खुर्ची होती, त्यामुळे गळाभेट झाली की नाही ते कळलं नाही.

"सलाम, वहिनी. आल्या आल्या हमाली लावली बघा."

"लावायलाच हवी," ती म्हणाली. तो आता भरदार झाला होता, कपाळाकडचे केस विरळ, मनगटावर भाजल्याचा जुना डाग.

खुर्ची टेबलाशी लागली. अब्बांनी पाठीवर हात फिरवला. "बस," ते म्हणाले. धाकटा उभाच राहिला.

"बसू? नक्की?"

थोरल्याने खाकरून घसा साफ केला. "बस की आता. अब्बांनी आजचा दिवस तिच्यात घालवलाय. नवीन नवरीसारखी सजवलीय."

धाकटा बसला. सगळे बसले. खजूर, पाणी, पाव, फळं, वाफाळतं सूप. रेडिओ हळू लावून ठेवला होता, अजान व्हायला थोडा वेळ होता. रोजच्यासारखी शांतता असती तर ती दुआची असती. पण त्या दिवशी सगळे चोरून अब्बांकडे बघत होते, आणि आपण बघत नाही असं दाखवत होते.

अब्बा बोलत होते. फार बोलत होते. निळ्या कापडाबद्दल, स्प्रिंगांबद्दल. मग शब्दांना शब्द चिकटू लागले. त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकला आणि हात घसरला.

"हिला बोलवा ना," ते म्हणाले. "सगळे बसलेत आणि ही आत काय करतेय? म्हणावं धाकटा आलाय."

हिला म्हणजे अम्मींना.

नणंदेने तोंडावर हात दाबला. थोरला उठायला लागला आणि अर्धवट उभा राहिला. आत्यांची तसबीह खाली पडली. आणि थोरलीला वाटलं, अम्मी आत्ता खरंच आतून येतील आणि आधी तिलाच विचारतील, मी तुम्हाला एकमेकांची लाज झाकायला शिकवलं होतं, माणूस बुडताना डोळे झाकायला कधी सांगितलं?

तिने अब्बांचा गार, ओला हात दोन्ही हातांत घेतला.

"अब्बा, तुमचा रोजा आहे का?"

रेडिओ चालू होता, पण कोणाच्या कानात काही शिरत नव्हतं. अब्बांनी तिच्याकडे बघितलं. नजर लांबून चालत आल्यासारखी आली. नाही म्हटलं असतं तर रोज्यात खोटं. त्यांचे ओठ हलले, थांबले.

"आहे."

"साखरेचं पाणी!" नणंद ओरडली. पण तिच्या आधी आत्या उठल्या होत्या. ज्या नको नको म्हणत होत्या, त्याच ग्लासात साखर ओतून चमचा फिरवत होत्या, आणि निम्मी साखर टेबलावर सांडत होती. "घे रे. घे, माझ्या राजा. मी लहानपणी तुझा घास पळवला असेल, पण हे घे."

अब्बांनी दात मिटले. मान फिरवली. "अजान... होऊ दे. आता काय... राहिलंय."

"अब्बा, ऐका," थोरला म्हणाला. ऐकेनात. नणंदेने यंत्र लावलं, आकडा बघितला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, दवाखाना लांब आहे. आत्ता प्यायला हवं. आत्ता."

तेव्हा धाकटा त्या निळ्या खुर्चीवरून उठला. एक क्षण थोरलीला वाटलं, हा पुन्हा चालला. तो अब्बांच्या पायांशी जमिनीवर बसला.

"अब्बा, मी त्या दिवशी पाणी का प्यायलो, सांगू?"

अब्बांचे डोळे त्याच्याकडे वळले.

"लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा असतो. पेटलेला. माझ्यासमोर साच्यापाशी दुसरा माणूस वाकलेला होता. मला अंधारी आली, हात सुटायला लागले. नळी सुटली असती तर गोळा त्याच्या मानेवर पडला असता. मी नळी भिंतीला लावली आणि त्याच्याच बाटलीतलं पाणी प्यायलो. मग आडोशाला जाऊन रडलो. रोजा गेला म्हणून. तो माणूस आजही आहे, अब्बा. त्याला मुली आहेत."

"मला... सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. आपल्या घरात विचारत नाहीत ना."

आत्यांनी ग्लास पुढे केला. धाकट्याने तो घेतला.

"आज तुमचा हात सुटतोय. समोर आम्ही सगळे वाकलेले आहोत. तुम्ही पडलात तर कोणाकोणावर पडाल, बघा जरा. ज्याने मला ती तहान दिली त्यानेच ती बाटली शेजारी ठेवली होती. हा ग्लासही त्यानेच ठेवलाय. प्या."

अब्बा त्याच्या मनगटावरचा डाग बघत राहिले. मग लहान मुलासारखं तोंड उघडलं.

पहिला घोट ओठांवरून सांडला. दुसरा आत गेला. तिसऱ्याला त्यांनी स्वतः ग्लास धरला. थोरली त्यांच्या घशाकडे बघत होती, घोट उतरताना गाठ वर-खाली होते ना, तिच्याकडे. रंग परत यायला वेळ लागला. त्या वेळात थोरल्याने येऊन धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मग तिथेच राहिला.

अब्बा अजून ग्लास चाटून संपवत होते, तेव्हा रेडिओवर अजान झाली.

कोणी खजुराला हात लावेना. अब्बांनीच बघितलं आणि चिडले. "अरे, तुमचे रोजे आहेत ना? मग उघडा की. माझ्या तोंडाकडे काय बघताय, मी काय चंद्र आहे?"

नणंद हसता हसता रडली. सगळ्यांनी खजूर उचलले. धाकट्यानेही ओठांतल्या ओठांत रोजा सोडायची दुआ म्हणून उचलला. त्याचाही रोजा होता. हे थोरलीला तेव्हा कळलं. पण तिने विचारलं मात्र नाही.

"माझा हा एक गेला," अब्बा थोड्या वेळाने म्हणाले.

"धरायचाच नव्हता तो," नणंद म्हणाली. "ज्याला झेपत नाही त्याने रोज्याच्या बदल्यात भुकेल्याला जेवू घालायचं, एवढं सोपं सांगितलंय."

"मग घातलं की. पलीकडच्या गोदामातला हमाल चार दिवस माझाच डबा खातोय. आज तर सांगून पाठवलं त्याने, भाजीत तिखट कमी टाका म्हणून."

हसू फुटलं. आत्यांचं सगळ्यात मोठं. मग त्या धाकट्याकडे वळल्या, तोंड उघडलं, काही सुचेना, आणि त्यांनी त्याच्या सुपाच्या वाटीत चिमूटभर मीठ टाकलं. "कमीच होतं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली खाली गेली तेव्हा बशी धुऊन फळीवर उपडी ठेवली होती. अब्बांच्या तोंडात खिळे होते, ते गप्प होते, आणि शेजारी बसून त्यांच्याऐवजी धाकटा गुणगुणत होता. सूर जरा चुकत होता. अब्बा हातोडीने टेबलावर ताल देऊन तो सुधारत होते.

तर बसलेल्या मायबापांनो, रोजा तुमच्या घरी असो नसो, तहान सगळ्यांना लागते. दिवसभर दमून तुम्ही पहिला घोट घ्याल, तेव्हा भट्टीमागच्या आडोशाला पाणी पिऊन एकटाच रडलेल्या त्या पोराची आठवण ठेवा. आणि त्याच्यासारखं कोणी तुमच्या टेबलावरून उठून गेलं असेल, तर घोट गिळण्याआधी त्यालाही आठवा.